वाचकांचे प्रश्न : लालबाग-परळचे कागद कोठे शोधावेत?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच पत्त्याभोवती फिरत होती. पत्र देवरुखचे असो, चिपळूणचे असो वा मालवणचे, आतला प्रश्न लालबाग, परळ, शिवडी किंवा काळाचौकी येथे अडकलेल्या एखाद्या कागदाचा होता. हा सारा भाग बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ‘एफ दक्षिण’ या प्रशासकीय विभागात येतो. कोकणातल्या ज्या घरातून कोणी गिरणीत कामाला गेले नाही असे घर विरळा, आणि त्यामुळे आपल्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या एका विभागाच्या दप्तरात आपल्यापैकी अनेकांच्या कुटुंबाचा अर्धा इतिहास नोंदलेला आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विभागाला दिले आहे. पत्रांत घरगुती बाबी असल्याने नावे वगळली आहेत.

प्रश्न (देवरुख येथील एक शिक्षिका) : माझ्या वडिलांचा जन्म १९५७ साली परळच्या वाडिया प्रसूतिगृहात झाला, असे आजी सांगत असे. बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर ती गावी परतली आणि वडिलांचे शिक्षण येथेच झाले. आता त्यांच्या जन्माचा दाखला हवा आहे. ग्रामपंचायतीत नोंद नाही. एकाने फोर्टमधील जिल्हाधिकारी कार्यालयात जाण्यास सांगितले, तर दुसऱ्याने महापालिकेच्या मुख्यालयात. नक्की कोठे जावे?

उत्तर : या दोन्हींपैकी कोठेही नाही. आपण परळ येथील एफ दक्षिण विभाग कार्यालयात जावे आणि तेथील नागरी सुविधा केंद्रात किंवा आरोग्य खात्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कक्षात अर्ज करावा.

यामागचा नियम एका वाक्यात सांगता येतो आणि तो पाठ करून ठेवण्याजोगा आहे : जन्म किंवा मृत्यू ज्या हद्दीत घडला त्याच हद्दीत त्याची नोंद होते, मग त्या कुटुंबाचे राहते घर कोठेही असो. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असून महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी मुंबईत ही नोंद महानगरपालिका १८८८ च्या आपल्या अधिनियमानुसार ठेवत असे आणि खेड्यात ती कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४ मध्ये होत असे. नवरोजी वाडिया प्रसूतिगृह आणि के.ई.एम. रुग्णालय ही दोन्ही १९२६ सालची, शेजारशेजारची, आणि एफ दक्षिणच्या हद्दीतली. गिरणगावातल्या किती बाळंतिणींची बाळंतपणे या दोन ठिकाणी झाली असतील याची मोजदाद करणे अवघड आहे, पण कोकणातल्या मुलांची नावे जितकी आपल्या गावांच्या दप्तरात आहेत, तितकीच त्या विभागाच्या नोंदवह्यांत असतील असे मला नेहमी वाटते.

अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टींची तयारी करा. पहिली गोष्ट तारखेची. आजीने तारीख सांगितली नसेल, पण ‘नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी’ किंवा ‘त्या वर्षीच्या गौरी जेवल्या त्या रात्री’ असे काही सांगितले असेल तर त्या वर्षाचे पंचांग काढून इंग्रजी तारीख निश्चित करा आणि मागे-पुढे पंधरा दिवस धरून शोध घेण्याची विनंती करा. दुसरी गोष्ट नावाची. जुन्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ‘मुलगा’ एवढाच उल्लेख, पुढे पित्याचे नाव, मातेचे नाव आणि पत्ता. म्हणून वडिलांच्या नावाने शोधण्यापेक्षा आजोबांच्या नावाने शोध घ्यावा, आणि आजोबांचे आडनाव त्या काळी जसे लावले जात असे तसेच सांगावे. गावात एक आडनाव आणि गिरणीच्या हजेरीपटावर दुसरे, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. नोंदीत नाव नसेल तर ते आता घालता येते का, हे त्याच कक्षात विचारावे; त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्यावा.

शोध घेऊनही नोंद सापडली नाही, तर अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र लेखी मागून घ्या. तोंडी ‘नाही’वर परत फिरू नका, कारण पुढची पायरी त्या प्रमाणपत्राशिवाय चढता येत नाही. एक वर्षाहून जुन्या घटनेची नोंद आता जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशानेच होते. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी हा आदेश प्रथमवर्ग दंडाधिकारी देत असत.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझे वडील गावी आजारी पडले, त्यांना परळच्या एका रुग्णालयात नेले आणि तेथेच ते गेले. शव गावी आणले, अंत्यविधी नदीकाठच्या स्मशानात झाला, दिवस झाले, आणि आम्ही सर्वांनी गृहीत धरले की मृत्यूची नोंद गावात असणार. बँकेने दाखला मागितला तेव्हा दीड वर्ष मी ग्रामपंचायत आणि तहसील यांच्यात चकरा मारल्या. शेवटी एका वृद्ध शेजाऱ्याने विचारले, ‘अरे, ते गेले कुठे?’ त्या प्रश्नाचे उत्तर परळ होते. तेथील खिडकीवर नाव आणि तारीख सांगितल्यावर त्याच दिवशी दाखला हाती आला. ज्या दिवशी ते गेले त्याच आठवड्यात रुग्णालयाने कळवलेली नोंद तेथे आमची वाट पाहत होती.

प्रश्न (चिपळूण तालुक्यातील एक शेतकरी) : माझे काका लालबागच्या चाळीत चाळीस वर्षे राहिले. त्यांना मूलबाळ नव्हते, काकूही आधीच गेल्या. खोलीला कुलूप आहे. तिचा सातबारा कोठे मिळेल आणि वारसनोंद कशी करावी?

उत्तर : मुंबई शहर जिल्ह्यात सातबारा नसतो. तेथे तालुकाही नाही आणि तलाठी सजाही नाही. मुंबई बेटाची पद्धतशीर मोजणी कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात झाली आणि पुढे प्रत्येक भूखंडाला कॅडस्ट्रल सर्व्हे क्रमांक, ज्याला बोलीत सी.एस. नंबर म्हणतात, तो मिळाला. चाळीच्या भूखंडाची मिळकत पत्रिका या क्रमांकावर निघते, पण तिच्यावर चाळमालकाचे नाव असते, आपल्या काकांचे नव्हे. महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे देयकही मालकाच्याच नावाने येते. ती पत्रिका काढून आपल्या हाती काही लागणार नाही.

आपल्या काकांचा हक्क मालकीचा नसून भाडेकरूचा होता, आणि त्याचा मुख्य पुरावा म्हणजे भाडेपावती. पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, पंचांगाच्या पानांत, जेथे म्हणून त्या पिवळट, कार्बनची निळी छटा उतरलेल्या पावत्या असतील तेथून त्या गोळा करा. पहिली आणि शेवटची पावती विशेष जपा. पावतीवर खोलीचा क्रमांक, भाडेकरूचे नाव आणि महिना असतो, आणि कधीकधी कोपऱ्यात ‘दुरुस्ती उपकर’ अशी वेगळी रक्कम लिहिलेली असते. ती रक्कम दिसली तर आपली चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींपैकी, आहे हे समजावे.

वारसाच्या बाबतीत शेतजमिनीचा नियम येथे लागू होत नाही, आणि हाच मुद्दा गावाकडे सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार निवासी जागेच्या भाडेकरूचा मृत्यू झाला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते. अशी व्यक्ती नसेल तरच वारसांचा विचार होतो, आणि वारसांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. म्हणजे आपल्या बाबतीत काकांसोबत कोणीही राहत नसल्याने आपण व आपली भावंडे वारस म्हणून पुढे येऊ शकता. पण जर एखादा चुलतभाऊ नोकरीनिमित्त त्यांच्याजवळ राहत असेल आणि त्याचे नाव त्या पत्त्यावरील शिधापत्रिकेत वा मतदारयादीत असेल, तर त्याचे म्हणणे वजनदार ठरेल. सर्व भावंडांनी एकत्र बसून कोणा एकाच्या नावे संमती लिहून द्यावी, मालकाला पोच मिळेल अशा टपालाने कळवावे आणि भाडे देणे थांबवू नये. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर ते मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेली पावतीही ठेवावी. कुलूप लावून खोली दीर्घकाळ बंद ठेवणे हे मात्र धोक्याचे आहे. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसणे, हे या कायद्यात जागा परत मागण्याचे एक कारण आहे.

उपकराविषयी थोडे अधिक सांगतो, कारण लालबाग-परळचे आजचे रूप त्याशिवाय समजत नाही. जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ साली कायदा होऊन दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. त्या वेळी मुंबई बेटावर १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या आणि त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या होत्या. आज हे काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. ही व्यवस्था केवळ शहर जिल्ह्यापुरती, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत आहे. अंधेरी किंवा घाटकोपरच्या चाळीला ती लागू नाही. आपली इमारत पुनर्विकासात गेली तर भाडेकरूंची जी यादी प्रमाणित होईल तीत काकांच्या जागी कोणाचे तरी नाव असणे आवश्यक आहे. यादी झाल्यावर नाव घालणे हे यादीआधी घालण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे आहे. तेव्हा या गणपतीला सर्वजण गावी जमतील तेव्हाच हा निर्णय करून टाका.

प्रश्न (मालवण तालुक्यातील एका ग्रामस्थ मंडळाचे माजी चिटणीस) : आमच्या गावाची काळाचौकीला एक खोली आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून ती घेतली. गावातून मुंबईस गेलेला प्रत्येक मुलगा नोकरी मिळेपर्यंत तेथेच राहिला. आता चाळीचा पुनर्विकास होत आहे आणि ज्यांच्या नावावर भाडेपावती आहे त्या गृहस्थांचे नातू म्हणतात की खोली त्यांची आहे. खोली कोणाची?

उत्तर : आपले पत्र वाचून मन जड झाले. असा प्रश्न आपल्या एकट्या गावाचा नाही.

आजच्या तरुण वाचकांसाठी आधी त्या खोलीचे वर्णन करतो. दहा बाय बारा फुटांची जागा, भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक पिशवी आणि तिच्याखाली एक ट्रंक. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या होत्या. खासगी चाळींतल्या त्याहून लहानही असत. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून झोपण्याच्या पाळ्याही तीन. रात्रपाळीचा गडी सकाळी येऊन ज्या चटईवर पडे तिच्यावरून दिवसपाळीचा गडी नुकताच उठलेला असे. जेवण खानावळीत. महिन्याचा हिशेब एका वहीत, आणि ती वही ग्रामदैवताच्या तसबिरीमागे. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर, पालखीचे नवे गोंडे, हे सारे त्या वहीतल्या वर्गणीतून झाले. त्या खोलीत गाव राहत होते असे म्हणणे ही अलंकारिक भाषा नाही.

कायद्याला मात्र गाव दिसत नाही. त्याला भाडेपावतीवरचे नाव दिसते. मालकाने पावती फाडताना ‘अमुक गाव मंडळ’ असे लिहिण्याऐवजी मंडळातल्या एका शहाण्या, वयस्क माणसाचे नाव लिहिले आणि त्या वेळी कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. पुनर्विकासातील पात्रता यादीत तेच नाव येते. त्या गृहस्थांच्या नातवांशी वाद घालण्यापूर्वी आपल्या हाती काय आहे ते पाहा. मंडळ नोंदलेले होते का? संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली मुंबईत अनेक ग्रामस्थ मंडळे नोंदलेली आहेत. तसे असेल तर वरळी येथील धर्मादाय आयुक्त कार्यालयात मंडळाच्या दप्तराची प्रत मागावी आणि त्यातील मिळकतीच्या रकान्यात ही खोली दाखवली आहे का ते पाहावे. दाखवली असेल तर आपली बाजू भक्कम होते. नसेल तर वर्गणीच्या वह्या, सभांचे ठराव, मंडळाच्या खात्यातून भरलेल्या भाड्याच्या नोंदी, वीजबिले, आणि त्या खोलीच्या पत्त्यावर मंडळाच्या नावाने आलेली पत्रे यांतून हे सिद्ध करावे लागेल की ते गृहस्थ मंडळाच्या वतीने भाडेकरू होते. अनेक वर्षे विश्वस्त बदलून त्यांची नोंद केली नसेल तर बदल अहवाल आधी दाखल करा. ज्याचे नाव दप्तरात नाही तो मंडळाच्या वतीने कोठेही उभा राहू शकत नाही.

याच्या जोडीला माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. नातवांशी पहिली भेट वकिलाच्या नोटिशीने होऊ देऊ नका. ती मुले मुंबईत वाढली. त्यांनी त्या खोलीत आपल्या आजोबांना राहताना पाहिले, पण वही पाहिली नाही. गावातल्या दोन वडीलधाऱ्या माणसांनी ती वही घेऊन त्यांच्या घरी जावे, त्यांच्या आजोबांच्या अक्षरातले पान त्यांच्यासमोर उघडावे, आणि नवे घर मंडळाच्या नावे व्हावे किंवा निदान त्यात गावातल्या मुलांसाठी तरतूद राहावी अशी विनंती करावी. लेखी समझोता झाला तर तो विकासकाशी करारनामा होण्यापूर्वी करावा. समझोता झाला नाहीच, तर लघुवाद न्यायालय आहे. पण तेथे जाण्यापूर्वी वहीची प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा, कारण कागद जुना आहे आणि शाई उडते आहे.

प्रश्न (लांजा येथील एक पालक) : मुलीसाठी इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढायचा आहे. माझा जन्म परळचा, आम्ही आता गावी राहतो, आजोबा १९४८ पासून शिवडीच्या एका गिरणीत होते. दाखला मुंबई शहर जिल्ह्याने द्यायचा की रत्नागिरीने?

उत्तर : येथे आपला जन्म कोठे झाला किंवा आज आपण कोठे राहता यापेक्षा एक विशिष्ट दिवस महत्त्वाचा आहे. इतर मागासवर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ हे दिवस धरले जातात. त्या दिवशी आपल्या आजोबांचे वा वडिलांचे कायमचे वास्तव्य ज्या जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्याच्या सक्षम अधिकाऱ्याने दाखला द्यायचा असतो.

आता चाकरमान्याचे कायमचे वास्तव्य कोठले मानावे? आजोबा १९४८ पासून शिवडीला असले तरी आजी, मुले, शेती आणि देवघर गावी असेल, आजोबा शिमग्याला आणि गणपतीला येत असतील आणि गिरणी सुटल्यावर परत आले असतील, तर कुटुंबाचे मूळ वास्तव्य गावच आहे आणि अर्ज लांजा-राजापूरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा. त्या दिवसापूर्वीच सारे कुटुंब मुंबईस जाऊन कायमचे स्थायिक झाले असेल, मुलांच्या शाळा तेथे, शिधापत्रिका तेथे, आणि गावी केवळ घरवई (घरामागची वर्गणी) भरण्यापुरता संबंध, अशी स्थिती असेल तर अर्ज मुंबई शहर जिल्ह्यात करावा लागेल. आपल्या पत्रातील तपशिलावरून पहिली स्थिती दिसते.

पुरावा जुना हवा, आणि तो येथे मिळण्याची शक्यता अधिक आहे. कोतवाल बुकाच्या नोंदीत जात लिहिलेली असते, म्हणून आजोबांची किंवा त्यांच्या भावंडांची जन्मनोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. आपण स्वतः परळच्या महापालिका शाळेत काही वर्षे शिकला असाल तर तेथील निर्गम उताराही, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतला आपल्या नावाचा उताराही, उपयोगी पडेल. शाळा बंद झाली असल्यास तिचे दप्तर कोणत्या शाळेकडे गेले हे विभागातील प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्या कार्यालयात समजते. सिंधुदुर्गातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांचा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल, आणि त्यात चूक काही नाही. तसेच कुर्ला, अंधेरी, बोरिवली या बाजूला राहिलेल्यांच्या जुन्या कागदांवर उपनगर जिल्हा दिसेलच असे नाही, कारण आजचा मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९९० साली झाला.

प्रश्न (वेंगुर्ले येथील महाविद्यालयीन विद्यार्थी) : ‘एफ दक्षिण’ म्हणजे नेमके काय? तो तालुका आहे का? नगरसेवकाचा वॉर्ड आणि हा वॉर्ड एकच का?

उत्तर : एकच नाही, आणि तालुकाही नाही. महापालिकेने आपल्या कामासाठी शहराचे जे भाग पाडले त्यांना इंग्रजी अक्षरे दिली. ए म्हणजे कुलाबा-फोर्ट, डी म्हणजे गिरगाव-मलबार हिल-ताडदेव, ई म्हणजे भायखळा-माझगाव, एफ उत्तर म्हणजे माटुंगा-शीव-वडाळा आणि जी दक्षिण म्हणजे वरळी-लोअर परळ-प्रभादेवी. अनेक दशके असे २४ विभाग होते. अलीकडे मोठे उपनगरी विभाग दुभागले जात आहेत. प्रत्येक विभागाचा प्रमुख सहाय्यक आयुक्त असतो. कचरा, पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दुकानांचे परवाने, जन्म-मृत्यू, ही कामे तेथे चालतात. नगरसेवक ज्यातून निवडून येतो तो निवडणूक प्रभाग लहान असतो. सगळ्या मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत आणि एका प्रशासकीय विभागात अनेक प्रभाग बसतात. शिधावाटप कार्यालय व पोलीस ठाणे यांच्या हद्दी पुन्हा निराळ्या, कारण ती राज्य शासनाची खाती आहेत. मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा परिषद व पंचायत समिती नाहीत, त्यामुळे गावाकडच्या अनुभवावरून तेथील कार्यालय शोधायला गेले की वाट चुकते.

आपण भूगोलाचे विद्यार्थी आहात म्हणून एक गोष्ट आपल्यासमोर ठेवतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातील ज्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली ते तीनही आपल्या पत्त्यावरचे आहेत : मुंबई शहर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर, रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात ८३२. पूर्वी आपली माणसे गिरणगावात जात आणि पैसे गावी येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तसा लालबाग-परळमधला मराठी कामगारही विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकला. गाव रिकामे झाले आणि ज्या वस्तीसाठी ते रिकामे झाले तीही पुढे रिकामी झाली. त्या वस्तीच्या नोंदी मात्र तेथेच, एफ दक्षिणच्या दप्तरात राहिल्या आहेत.

प्रश्न (हर्णै येथील एक आजी) : माझ्या थोरल्या दिराचा पत्ता एका जुन्या पोस्टकार्डावर आहे : ‘परेल रोड, पोयबावडी, मुंबई १२’. नातवाला तो पत्ता नकाशात सापडत नाही. ती जागा आता आहे का?

उत्तर : आहे, आजी. परळ रोड म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. लालबागवरून परळकडे आणि पुढे दादरकडे जाणारा तोच मोठा रस्ता. पोयबावडी हे नाव परळमध्ये आजही चालते, आणि ‘मुंबई १२’ म्हणजे आताचा पिन ४०० ०१२. नातवाने पश्चिम रेल्वेने जायचे ठरवले तर त्याला सांगा की पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे. मध्य रेल्वेने गेल्यास परळला उतरावे. लोअर परळकडचा डिलाईल रोड हा आता ना. म. जोशी मार्ग आहे, तो पत्ता निराळा, त्याकडे वळू नये.

पोयबावडीला पोहोचल्यावर त्याने चाळीचे नाव विचारण्याआधी चाळमालकाचे नाव विचारावे, कारण बहुतेक चाळी मालकाच्या नावानेच ओळखल्या जात आणि पाटी निघाली तरी ते नाव आजूबाजूच्या जुन्या दुकानदारांच्या तोंडी टिकून राहते. ते पोस्टकार्ड मात्र त्याच्याबरोबर पाठवू नका. त्याच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत द्या आणि मूळ कार्ड आपल्याजवळ ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का वाचता येत असेल, तर आपले दीर त्या तारखेस तेथे राहत होते याचा तो पुरावा आहे.